जुन्या दुनळीचा पोचा

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांच्या घरी माजघरात शस्त्रपूजा मांडली होती. पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि या सर्वांच्या मधोमध आजोबांची दुनळी बंदूक. मामेभावाचा तीन वर्षांचा मुलगा पेढ्याच्या ओढीने धावत आला, पाट कलला, बंदूक घरंगळली आणि उंबरठ्याच्या दगडी कडेवर आपटली. कोणाला काही लागले नाही. बंदूक अर्थातच रिकामी होती. पण डाव्या नळीच्या बाहेरच्या अंगाला, मुठीपासून हातभर पुढे, तुरीच्या डाळीएवढा एक पोचा पडला.

मामांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एवढंसं तर आहे! आपल्या तांब्याला ह्याहून मोठे पोचे हायत. म्हणून काय पाणी प्यायचं सोडलं?"

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बंदुकीशी माझा संबंध या पूजेपुरताच. तरीही तांब्याची उपमा मला पटली नाही. तांब्यात पाणी असते, नळीत स्फोट असतो. त्या दिवशी मामांशी वाद घालायला माझ्याजवळ पुरेशी माहिती नव्हती. ती मी नंतर मिळवली, एका वृद्ध कारागिराच्या शेजारी बसून काही डोळ्यांनी पाहिली, आणि त्यातून जे कळले ते आमच्या विद्यार्थ्यांना आवडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. आपल्या कन्नड विभागातील कोडगूकडच्या मित्रांना तर हा विषय घरचाच वाटेल. त्यांच्या जिल्ह्यात कैलपोद सणाला बंदुकीला फुले वाहतात, आणि इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली कोडवांची परवान्यातील सूट केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवून दिली आहे. तिकडे किती घरांतून असल्या जुन्या नळ्या भिंतीवर टांगलेल्या असतील!

प्रथम नळी म्हणजे काय ते पाहू. छऱ्यांच्या बंदुकीला आपण 'बारा बोअर' म्हणतो. हे बारा म्हणजे ना इंच, ना मिलिमीटर. एक पौंड शुद्ध शिसे घेऊन त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याचा बारावा हिस्सा ३७.८ ग्रॅम, शिशाची घनता ११.३४. गोळीचा व्यास १८.५ मिलिमीटर, म्हणजेच ०.७२९ इंच येतो. इंग्लंडमधल्या जुन्या बंदुकांच्या नळीखाली हाच आकडा ठोकलेला सापडतो.

आता भिंतीची जाडी. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, माझाही चुकला होता. नळी बाहेरून इतकी भक्कम दिसते की आपण तिला पाण्याच्या पाइपाच्या मापाने मोजतो. प्रत्यक्षात काडतूस जिथे बसते तिथे भिंत तीन-साडेतीन मिलिमीटर जाड असते खरी, पण पुढे ती झपाट्याने पातळ होत जाते, आणि नळीच्या पुढच्या अर्ध्या भागात ती जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिमीटर उरते. म्हणजे पोस्टकार्डे दोन-तीन एकावर एक ठेवली तर जेवढी होतील तेवढी! कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाऊ' म्हणतात. त्या भाषेत पंचवीस-सत्तावीस थाऊ. बर्मिंगहॅम आणि लंडनचे कारागीर वीस थाऊंपेक्षा पातळ भिंतीची नळी सहसा भरवशाची मानत नाहीत.

इतकी पातळ नळी करण्याचे कारण वजन. पक्षी उडाला की बंदूक झटकन खांद्याला लागली पाहिजे, म्हणून सारी दुनळी साडेसहा-सात पौंडांत बसवायची. आणि अशी पातळ नळी चालते याचे कारण दाब. घोडा पडला की काडतुसातल्या दारूचा वायू होतो आणि पहिल्या दोन-चार इंचांतच दाब शिगेला पोचतो. आजच्या काडतुसांत तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. पुढे छरे सरकतात, वायूला जागा मिळते, दाब कोसळतो. नळीच्या पुढच्या अर्ध्यात तो शंभराच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. वर्तुळाकार भिंतीवर पडणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. मागच्या टोकाला ७०० गुणिले १ भागिले ०.३५, म्हणजे २०००. पुढे १०० गुणिले ०.९२५ भागिले ०.०६, म्हणजे साधारण १५४०. (अभियांत्रिकीचे विद्यार्थी म्हणतील की जाड भिंतीला हे सूत्र तंतोतंत लागू नाही. मान्य आहे. आपल्याला अंदाज हवा आहे.) म्हणजे जाड जागी जेवढा ताण, त्याच्या जवळपासच पातळ जागीही. कारागिराने धातू कुठे वाया घालवलेला नाही आणि कुठे उधारही ठेवलेला नाही.

अशा भिंतीला बाहेरून ठोसा बसला की ती आत जाते. तो पोचा. धातू कुठे जात नाही, फक्त जागा सोडतो. पण आतल्या बाजूला एक उंचवटा तयार होतो आणि खरी अडचण त्याची आहे. सुमारे तीस ग्रॅम छरे आणि त्यांच्या मागची डाट सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने नळीतून धावत येतात. त्यांच्या वाटेत तो उंचवटा येतो. प्रत्येक बाराला छरे त्याच्यावर आतून हातोडा मारतात. पोचा उथळ असेल तर दहा-वीस बारांत तो थोडा थोडा बाहेर ढकलला जातो, आणि लोक म्हणतात, "बघा, आपोआप निघाला." तो निघालेला नसतो. त्या जागचा धातू ताणून पातळ झालेला असतो, आणि नळी फुगण्याची सुरुवात तिथूनच होते. पोचा खोल असेल तर एवढा वेळही मिळत नाही.

फुगा हा पोच्याचा उलटा प्रकार. नळीत चिखल, चिंधी किंवा अडकलेली डाट राहून गेली आणि बार काढला, तर त्या जागी नळी कड्यासारखी बाहेर फुगते. पोच्यात धातू फक्त वाकलेला असतो, फुग्यात तो ताणलेला असतो. म्हणून पोचा बरा होतो, फुगा बरा होत नाही, फार तर दिसेनासा होतो. दोहोंची ओळख डोळ्यांनी पटते. नळ्या मुठीपासून सोडवून, दोन्ही रिकाम्या आहेत याची खात्री करून, खिडकीच्या उभ्या गजाकडे रोखून आतून पाहायचे. गजाची सावली आरशासारख्या नळीत सरळ रेषेत पळत जाते. पोचा असेल तिथे ती एका बाजूने मोडते, फुगा असेल तिथे सबंध अंगठीसारखे काळे वलय दिसते.

मामांना हे सर्व ऐकवले तेव्हा त्यांनी व्यवहारी प्रश्न टाकला, "मग काढ की. तुमच्या कॉलेजात लेथ हाय न्हवं?" मलाही क्षणभर मोह झाला. आमच्या कार्यशाळेतल्या सहकाऱ्याने मात्र हात जोडले. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे, नळीवर कानस चालवणाराही त्यात येतो. तेव्हा मामांनी आपला पीकसंरक्षणाचा परवाना खिशात घातला, बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि आम्ही दोघे परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, हात मात्र घड्याळजीचे. त्यांनी दोन दिवस मला शेजारी बसू दिले, एवढ्याच अटीवर की मध्ये बोलायचे नाही.

पहिली तासभर त्यांनी पोच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नळ्या सोडवल्या, रॉकेलने धुतल्या, चिंधीने आतून कोरड्या केल्या आणि भिंग लावून नळीखालचे शिक्के वाचले. मुकुटाखाली आडवे राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस. इंग्लंडमध्ये नळ्यांची अधिकृत परीक्षा घेणारी दोन ठिकाणे आहेत. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या कंपनीला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे घर १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने उभे राहिले. नेहमीपेक्षा जड भार भरून नळीतून बार काढायचा, ती टिकली की शिक्का ठोकायचा, अशी ही परीक्षा. १८६८ च्या कायद्याने तिथे परीक्षेबाहेर गेलेली बंदूक विकणे हा गुन्हा ठरला. दुरुस्तीत नळी घासून रुंद झाली तर जुना शिक्का बाद होतो. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर आतला व्यास मोजतात. ०.७२९ चा शिक्का असलेली नळी ०.७४० भरली, की ती परीक्षेबाहेर. अकरा थाऊ! आयुष्यभराच्या गंजाला, घासण्याला आणि दुरुस्त्यांना मिळून एवढीच सवलत.

मग मिस्त्रींनी नळी उजेडात फिरवली, आणि काळपट तपकिरी रंगाखाली वेटोळी नक्षी दिसू लागली. नळ्या दमास्कसच्या होत्या. या नावाने आपल्याकडे एक घोटाळा होतो, तो इथेच निस्तरलेला बरा. दमास्कसच्या तरवारी ज्या पोलादासाठी गाजल्या ते मुशीत वितळवून केलेले पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जात असे. त्याला युरोपियनांनी दिलेले 'वूट्झ' हे नाव कन्नडातल्या 'उक्कु' या शब्दावरून आले असे मानतात. बंदुकीच्या दमास्कस नळीचा त्या पोलादाशी संबंध नाही, साम्य फक्त नक्षीचे. इथे लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून एकजीव कांब करतात. लाल असतानाच ती कांब सुंभाच्या दोरीसारखी पिळतात. अशा दोन-तीन कांबी शेजारी शेजारी जोडून फीत करतात, ती फीत सळईभोवती गुंडाळतात, आणि कडेला कड तापवून ठोकून नळी तयार होते. मग आतून पोखरायची, बाहेरून लेथवर उतरवायची. आम्ल लावले की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे काळवंडतात आणि पीळ दिसू लागतो. एकोणिसावे शतक संपेपर्यंत चांगल्या बंदुकांना अशाच नळ्या असत, पुढे सबंध पोलादाच्या नळ्यांनी त्यांना मागे सारले. त्या कुचकामी होत्या असे नाही. बर्मिंगहॅमला १८९१ मध्ये झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत उत्तम पिळाच्या नळ्यांनी पोलादी नळ्यांच्या तोडीने टिकाव धरला होता. पण त्यातली प्रत्येक वेटोळी म्हणजे एक सांधा, आणि शंभर वर्षांत कोणत्या सांध्यात गंज शिरला आहे ते बाहेरून सांगता येत नाही.

"कुठली काडतुसं घालत होता?" मिस्त्रींनी विचारले.

"खडकीची. शक्तिमान."

मिस्त्री काही बोलले नाहीत. शिक्क्यावर नख टेकवून त्यांनी मला ते वाचायला लावले. नायट्रो, म्हणजे बिनधुराची दारू, असा उल्लेख कुठेच नव्हता. ती नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली होती. आजची जवळजवळ सर्व काडतुसे बिनधुराच्या दारूची असतात. रानडुकरे भुईमुगात शिरली की मामा हवेत बार काढीत. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आमच्या घरी कुणी केली नाही, पण हवेतला बारही नळीतूनच जातो.

आता पोचा. त्याची खोली मिस्त्रींनी पोलादी पट्टी आडवी धरून आणि खाली पातळ पत्र्यांच्या मापाच्या पट्ट्या सरकवून काढली. नऊ थाऊ. मग नळीत लांब सळईचे माप घालून, बाहेर घड्याळाच्या तबकडीसारखा काटा टेकवून, भिंतीची जाडी मोजली. पोच्याच्या चहूबाजूंना सव्वीस थाऊ. पोचा गोलसर, कडा मऊ, घडी पडलेली नाही. "हा निघतो," मिस्त्री म्हणाले. नखाने दाबल्यासारखा टोकदार पोचा असता तर त्यांनी हातात घेतला नसता. टोकाशी धातू आधीच ताणलेला असतो, तो उलटा वाकवला की चीर जाते.

तांबट घागरीचा पोचा काढतो तेव्हा आत लोखंडाचा आधार धरतो आणि बाहेरून हातोडी चालवतो. तत्त्व इथेही तेच, पण दोन फरक आहेत. पहिला असा की तांबट मधूनमधून घागर तापवतो. ठोकून ठोकून धातू कडक आणि ठिसूळ होतो, तापवून थंड केला की पुन्हा नरम पडतो. दुनळीत ही सोय नाही. दोन्ही नळ्या आणि त्यांच्या मधली पट्टी कथील-शिशाने झाळून जोडलेल्या असतात. ते मिश्रण सुमारे १८३ अंश सेल्सिअसपासूनच वितळू लागते. नळी दिव्यावर धरली तर पोचा निघायच्या आधी बंदूकच सुटी होईल. म्हणून सारे काम थंडपणी, आणि कमीत कमी ठोक्यांत. दुसरा फरक मापाचा. घागरीत सुताचा हिशेब चालतो, इथे थाऊचा.

जुने कारागीर पोलादाचे किंवा पितळेचे गट्टू वापरीत. एकेक थाऊने वाढत जाणारे, टोकाला निमुळते, चांगले घासून गुळगुळीत केलेले. ग्रीस लावून गट्टू मागच्या टोकाने नळीत घालायचा आणि सळईने पोच्याखाली ढकलायचा. (मागच्याच टोकाने, कारण पुष्कळ नळ्या तोंडाशी थोड्या आवळलेल्या असतात, तिथून पुऱ्या मापाचा गट्टू जात नाही.) तो घट्ट बसला की बाहेरून हलके ठोके, मग पुढचा मोठा गट्टू. यात धोका हा की घाई करणारा मोठा गट्टू घणाने हाणतो. मग तो अडकतो, किंवा नळीला आतून ओरखडे पडतात, किंवा पोच्याऐवजी सबंध वलय फुगते.

मिस्त्रींजवळ याहून चांगले साधन होते. अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांब पितळी दंडगोल, आत जाड तेल भरलेले. कुशीतून एक छोटा दट्ट्या बाहेर येतो, त्याचा माथा नळीच्या गोलाईला अनुरूप वळवलेला. मागे लांब दांडीचा स्क्रू. स्क्रू पिळला की तो तेल दाबतो आणि तेल दट्ट्याला वर उचलते. पास्कलचा नियम! समजा स्क्रूच्या टोकाचा व्यास पाच मिलिमीटर आणि दट्ट्याचा दहा, तर क्षेत्रफळ चौपट म्हणून जोरही चौपट, आणि स्क्रूच्या आट्यांचा फायदा त्यावर आणखी. सबंध नळी ताणण्याऐवजी जोर फक्त पोच्यावर लागतो, हे याचे वैशिष्ट्य.

मला वाटले, आता पिळायचे आणि पोचा बाहेर. तसे होत नाही. हूकचा नियम आठवा. दट्ट्याने पोचा पुरा वर आला तरी सैल सोडल्यावर भिंत पुन्हा थोडी आत बसते, कारण स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडल्याखेरीज धातू नवा आकार धरत नाही. ती ओलांडावी म्हणून जास्त पिळले तर पोचा उलटून बाहेर टेंगूळ येते. हातोडीचे काम इथे आहे. मिस्त्री दट्ट्या नुसता ताणात ठेवीत, एवढाच की दांडी बोटाला घट्ट लागावी. मग लहान पितळी हातोडीने, जिचे तोंड नळीच्या गोलाईत अंतर्गोल घासलेले होते, पोच्याच्या मध्यावर नव्हे तर कडेकडेने टकटक, टकटक. पोच्याभोवती जी किंचित उंच कड उमटलेली असते ती आधी बसवायची. प्रत्येक ठोक्याला ताणलेला धातू क्षणभर सैलावतो आणि दट्ट्या केसभर वर सरकतो. दहा-बारा ठोक्यांनी दांडी सैल पडते. मग स्क्रूचा अर्धा पाव फेरा, पुन्हा ठोके. दमास्कस असल्याने हातोडी आणखी हलकी. एकदा आवाज बदलला, टकच्या ऐवजी बद्द आला. मिस्त्रींनी लगेच दट्ट्या सोडवला, नळी पुसली आणि भिंगाने सांधे पाहिले. चीर नव्हती, दट्ट्या थोडा तिरका बसला होता एवढेच.

नऊचे पाच, पाचचे तीन, तीनचे दीड. संध्याकाळी एक थाऊ उरला. मी न राहवून विचारले, "एवढ्यासाठी थांबायचं कशाला?"

"आता हे काढाय गेलं की धातू थकतोय," मिस्त्री म्हणाले. "छऱ्याला एक थाऊ कळत न्हाई. खरं नळीला हातोडी कळते."

पोचा पुरा काढून वर कानस मारून लख्ख करण्याची हौस ग्राहकालाच असते, कारागिराला नसते. जिथे पोचा दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीखाली असतो तिथे तर हातोडीला जागाच नाही. पट्टी उकलावी लागते, आणि ती पुन्हा झाळण्याचे काम पोच्यापेक्षा कठीण.

दुसऱ्या दिवशी डाव्या नळीला रंग द्यायचा होता, आणि त्याआधी मिस्त्रींनी सहज म्हणून उजव्या नळीची जाडी मोजायला घेतली. उजवी नळी निर्दोष दिसत होती. बाहेर पोचा नाही, आत उंचवटा नाही, गजाची सावली सरळ. काटा नळीवरून पुढे सरकत होता. सव्वीस, सव्वीस, पंचवीस. आणि तोंडापासून दीड वितीवर, बाहेरच्या अंगाला, एकदम चौदा. मिस्त्रींनी माप काढून पुसले, पुन्हा घातले. चौदाच.

मामांना बराच वेळ आठवेना, मग आठवले. चाळीस-एक वर्षांपूर्वी ही नळी बैलगाडीच्या चाकाला आपटली होती. आजोबांनी ती दूरच्या शहरातल्या कुठल्याशा दुकानात दिली, आणि आठ दिवसांत "आतून साफ करून" परत आणली. साफ करून म्हणजे काय, ते आता कळले. पोचा उचलण्याची मेहनत कोणी घेतलीच नव्हती. आतला उंचवटा पोखरणीने कापून टाकला आणि बाहेरचा खळगा कडा घासून, वर काळा रंग देऊन नजरेआड केला. गणित सोपे आहे. भिंत पंचवीस थाऊ, पोचा अकरा थाऊ. उंचवटा कापला की त्या जागी भिंत उरते चौदा. पोचा जाग्यावरच, धातू मात्र कायमचा गेला. मघाच्या सूत्रात चौदा थाऊ, म्हणजे ०.०३५ सेंटिमीटर, घालून पाहा. १०० गुणिले ०.९२५ भागिले ०.०३५ म्हणजे सुमारे २६४०. सबंध नळीत सर्वांत जास्त ताण त्या एका जागी. मागच्या टोकाच्या ताणाहूनही जास्त. आणि बंदूक धरताना डावा हात असतो तो त्या जागेच्या थोडासाच मागे.

म्हणजे आम्ही ज्या पोच्याची चिंता करीत आलो तो दिसणारा होता, आणि एका दिवसात निघाला. जो दिसत नव्हता त्याच नळीतून मामा चाळीस वर्षे बार काढीत होते. मामांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, उघडली आणि न ओढताच मिटली.

"ह्याला काय करता येईल?" त्यांनी विचारले.

"काय न्हाई, पाटील. गेलेला धातू मी कुठनं आणू?"

इंग्लंडमध्ये यावर एक उपाय करतात. नळ्यांचा मागचा जाड भाग ठेवून पुढचा कापून टाकतात, त्यात नव्या पोलादी नळ्या बसवतात, आणि पुन्हा प्रूफ हाऊसकडे पाठवून तसा शिक्का घेतात. बंदूक चालू राहते, पण दमास्कस जाते. मामांनी हे ऐकून घेतले आणि मान हलवली.

डाव्या नळीला रंग द्यायचा राहिला होता, तो मिस्त्रींनी जुन्या रीतीने दिला. झटपट काळा रंग देण्यासाठी कॉस्टिक आणि क्षारांचे उकळते कढण वापरतात, पण ते झाळलेले शिसे-कथील खाऊन टाकते. म्हणून दुनळीला गंजाची रीत. नळी स्निग्धपणा जाईपर्यंत धुवायची, गंज आणणारे पातळ आम्लयुक्त द्रव लावायचे आणि दमट जागी टांगायची. लाल गंजाचे मऊ पांघरूण येते. मग पाण्यात उकळायची. लाल गंज, म्हणजे फेरिक ऑक्साइड, त्यात काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. वरची भुकटी बारीक तारेच्या ब्रशाने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा वेळा. पिळाची नक्षी मिस्त्रींनी सौम्य आम्लाने उठवली. पोच्याची जागा मला माहीत असूनही सापडली नाही, बोट फिरवल्यावर मात्र तो उरलेला एक थाऊ जाणवला.

पैसे देताना मामांनी विचारले की डावी नळी तरी चालेल ना. मिस्त्रींनी शिक्का पुन्हा दाखवला. काळी दारू. मग त्यांनी उजव्या नळीच्या चौदा थाऊच्या जागेवर खडूने एक फुली मारली आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून मामांच्या हाती दिली.

परत येताना बसमध्ये मामा बोलले नाहीत. देसूरच्या पुढे गेल्यावर एकदाच म्हणाले, "आबांनी विश्वासानं दिली हुती रे दुकानात."

यंदाच्या खंडेनवमीला मी पुन्हा गेलो होतो. बंदूक पाटावर नव्हती. जमिनीवर घोंगडी अंथरून तिच्यावर ठेवली होती, आणि हळदकुंकू वाहताना मामांनी खडूची फुली पुसू दिली नव्हती. भुईमुगाच्या रानात बांधावर दोरीला पत्र्याचे डबे बांधले आहेत. रात्री दोरी ओढायची पाळी मामेभावाची असते.